ग्लुटेन नसलेलं जिंजरब्रेडचं घर, गोव्याच्या दमट हवेत

जिंजरब्रेडच्या घराला, म्हणजे सुंठ-मसाल्याच्या बिस्किटाचे तुकडे जोडून नाताळात केलेल्या छोट्या घराला, ग्लुटेन हे गव्हातलं चिवट प्रथिन लागतच नाही. पोळी फुगायला आणि पावाला जाळी पडायला ते लागतं, कारण तिथे पीठ ताणलं जायला हवं असतं. भिंतीला ताण नकोच असतो. गव्हाच्या पिठाची भिंत लाटून, मापात कापून ओव्हनमध्ये ठेवली की थोडी आक्रसते, कोपरे गोलावतात आणि शेवटी छप्पर बसत नाही. तांदूळ-नाचणीच्या पिठात असं आक्रसणारं काही नसतं. ज्या मापाची कापाल, जवळपास त्याच मापाची भिंत बाहेर येते. म्हणून गहू वर्ज्य असलेल्या मुलासाठी केलेलं घर म्हणजे नाइलाजाचा पर्याय, असं समजू नका. बांधकाम म्हणून ते सरसच ठरतं.

गोव्यात घर कोसळतं ते हवेतल्या ओलाव्याने. या घराच्या बहुतेक कृती थंड देशांतून आलेल्या आहेत. तिथे डिसेंबरात घरं आतून तापवलेली असतात, हवा कोरडी ठणठणीत असते आणि भिंती टेबलावर आठवडाभर कडक राहतात. आपल्याकडे पाऊस संपून दोन महिने झाले असले तरी खाडी आणि समुद्र जवळ, पहाटे दव, रात्री खिडक्या उघड्या. त्याच मापाने केलेली भिंत तिसऱ्या दिवशी वाकते. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

आधी पिठाबद्दल, कारण इथे चुकलं तर बाकी कितीही सुंदर जमलं तरी उपयोग नाही. सिलिअॅक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्या मुलाला गहू, जव आणि राय ही तीन धान्यं चालत नाहीत. मैदा, रवा, कणीक, दलिया हे सगळं गव्हाचंच. 'ग्लुटेन-फ्री' असं लिहिलेल्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असू नये, असा एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम आहे. ही मर्यादा किती बारीक आहे ते असं पाहा: कणकेत साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन धरलं, तर एक किलो तांदळाच्या पिठात चमचाभर कणीक मिसळली तरी मर्यादा दहापटीहून जास्त ओलांडली जाते. गिरणीत आदल्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले की जात्यात त्याहून जास्त कणीक शिल्लक असते. तेव्हा गिरणीतून आणलेलं तांदळाचं किंवा नाचणीचं पीठ सिलिअॅक असलेल्या मुलासाठी वापरायचं नाही. 'आधी आमचे तांदूळ दळा' असं सांगूनही नाही. ग्लुटेन-फ्री छापलेलं पाकीट आणा, नाहीतर तांदूळ निवडून, धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून घरच्या मिक्सरमध्ये दळा आणि नव्या चाळणीने दोनदा चाळा.

चाळण नवी, तसं पोळपाट-लाटणंही वेगळं. लाकडाच्या चिरांत कणीक बसते आणि धुऊन जात नाही. काचेची गुळगुळीत बाटली किंवा स्टीलचं लाटणं चांगलं. ओव्हनच्या ट्रेवर ताजा बेकिंग पेपर घाला. त्या दिवशी स्वयंपाकघरात मैदा चाळू नका, कारण त्याची धूळ बराच वेळ हवेत राहते आणि मग सगळीकडे बसते. नाताळाच्या आधी घरोघरी नक्षत्रं (चांदणीच्या आकाराचे कागदी कंदील) चिकटवली जातात, त्यासाठी मैद्याची खळ लागते आणि ती मुलांच्या बोटांवर असतेच. एकाच टेबलावर आणि एकाच दुपारी खळ आणि जिंजरब्रेड नको. आणि पदेराशी, म्हणजे गावच्या पाववाल्याशी, कितीही घरोबा असला तरी हे घर त्याच्या भट्टीत पाठवू नका. ती भट्टी रोज मैद्यानेच माखलेली असते.

मसाल्यांची सुटी पूड घेण्यापेक्षा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून अख्खी दालचिनी, लवंग, जायफळ आणि सुंठ आणून घरी कुटावी. भेसळीची शंका कमी होते आणि वासात फार फरक पडतो.

आता प्रमाण. तांदळाचं बारीक पीठ 250 ग्रॅम, नाचणीचं पीठ 150 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 100 ग्रॅम. झॅन्थन गम 2 सपाट छोटे चमचे. खायचा सोडा पाव छोटा चमचा, त्याहून जास्त नाही. मीठ अर्धा छोटा चमचा. सुंठ पूड 1 मोठा चमचा, दालचिनी पूड 2 छोटे चमचे, लवंग पूड अर्धा छोटा चमचा, चिमूटभर जायफळ. लोणी 110 ग्रॅम, साखर 100 ग्रॅम, माडाचा गूळ 100 ग्रॅम, पाणी 4 मोठे चमचे, अंडं एक. यात साधारण 900 ग्रॅमच्या वर गोळा होतो. खाली दिलेल्या मापाचं एक घर होऊन पिठाच्या चांदण्या कापायलाही थोडा उरतो.

यातल्या तीन गोष्टींचं कारण सांगायला हवं. नाचणी रंगासाठी आहे. तिच्यामुळे भिंत चिऱ्याच्या घराला शोभेल अशी तांबूस-काळपट होते आणि चवही धान्याची लागते. नुसत्या तांदळाची भिंत फिकी दिसते आणि दाताखाली कचकचते. झॅन्थन गम ग्लुटेनच्या जागी पीठ धरून ठेवतो. तो नसेल तर इसबगोल 2 मोठे चमचे घ्या, पण इसबगोल पाणी धरून बसतो, त्यामुळे भिंती जास्त वेळ वाळवाव्या लागतात. मी तरी गमच वापरावा म्हणेन. तिसरी गोष्ट गुळाची. काळपट माडाच्या गुळाला धुराची आणि किंचित कडसर अशी जी चव असते, ती परदेशी कृतीतल्या मळीची जागा छान भरून काढते. पण गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं. साधी साखर हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या पुढे गेल्यावर पाणी ओढू लागते. फ्रुक्टोज 60-65 टक्क्यांवरच सुरुवात करतं, आणि आपल्याकडची रात्रीची हवा ती पातळी सहज ओलांडते. म्हणून गूळ आणि साखर निम्मे-निम्मे. सगळा गूळ घातला तर घर चवीला उत्तम होईल आणि परवा झोपेल. मध आणि काकवी याच कारणाने घालायची नाही.

गूळ, साखर, लोणी आणि पाणी मंद आचेवर विरघळवा. उकळी नको. गाळून घ्या, कारण माडाच्या गुळात कचरा आणि वाळू असते. कोमट झालं की अंडं फेटून घाला. गरम असताना घातलं तर अंड्याच्या गुठळ्या होतात. अंडं नको असेल तर जवसाची पूड 1 मोठा चमचा 3 चमचे पाण्यात भिजवून घ्या. कोरडी पिठं, गम, सोडा, मीठ आणि मसाले आधी एकत्र चाळून ठेवलेले असावेत. सुका गम ओल्यात थेट पडला तर त्याचे चिकट गोळे होतात आणि मग काही केल्या सुटत नाहीत. सगळं मळून, घट्ट गुंडाळून फ्रीजमध्ये किमान 2 तास ठेवा, रात्रभर असेल तर उत्तम. तांदळाचं पीठ पाणी सावकाश शोषतं. लगेच लाटायला घेतलं तर कडा फुटतात आणि लोक उगाच पाणी वाढवत बसतात.

मुलांना या पिठावर मनसोक्त सोडा. गव्हाचं पीठ पुन्हा पुन्हा मळलं की चिवट होतं. या पिठाला तो धोका नाही. दहा वेळा लाटून मोडलं तरी अकराव्या वेळीही तेच पीठ असतं. तुकडे पडू लागले तर ओल्या हाताने थोडं मळा. मऊ पडून कागदाला चिकटू लागलं तर पंधरा मिनिटं परत फ्रीजमध्ये.

लाटताना दोन बेकिंग पेपरच्या मध्ये लाटा आणि दोन्ही बाजूंना 6 मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या ठेवा. लाटणं पट्ट्यांवरून फिरलं की चार वर्षांचं मूलही एकसारखी जाडी लाटतं. छपरासाठी 5 मिलिमीटर पुरे, ते हलकं असलेलंच बरं. वरचा कागद काढून पुठ्ठ्याचे साचे ठेवा आणि कापा. कापलेला तुकडा उचलायचा नाही. हा या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. ग्लुटेन नसलेला कच्चा तुकडा उचलला की मोडतो किंवा ओढला जाऊन वाकडा होतो. तुकडा जागेवर ठेवून भोवतालचं पीठ काढा, आणि खालच्या कागदासकट ट्रेवर सरकवा.

साच्यांची मापं अशी: पुढची आणि मागची भिंत 12 सेंटिमीटर रुंद, कडेला 10 सेंटिमीटर उंच आणि मध्ये टोकापर्यंत 16. बाजूच्या दोन भिंती 14 बाय 10. छपराचे दोन तुकडे 17 बाय 10. उताराची लांबी साडेआठ सेंटिमीटर भरते, उरलेला दीड बाहेर पागोळीसाठी. बाजूच्या भिंती पुढच्या-मागच्या भिंतींच्या आत बसतात, बाहेरून नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलांना आधी पुठ्ठ्याचं घर चिकटवून बघायला सांगा. साचे चुकले असतील तर ते तिथेच कळतं, आणि त्यांचा भूमितीचा धडाही होतो, न सांगता.

भाजण्याआधी भिंतीवर सुरीच्या पाठीने चिऱ्यांच्या रेघा ओढा, सांधे एकाआड एक. छपरावर चमच्याच्या कडेने अर्धगोल ठसे ओळीने दाबले की कौलं होतात. सोडा कमी ठेवायचं कारण हेच, जास्त असला तर ठसे फुगून पुसले जातात. खिडक्या आणि दार आताच कापा. कच्च्या पिठातच हे नीट होतं.

ट्रे 20 मिनिटं फ्रीजमध्ये गार करून मग 165 अंशांवर 18 ते 22 मिनिटं भाजा. घरगुती ओटीजीत वरची कांडी जवळ असते, म्हणून ट्रे मधल्या खाचेच्या खालच्या खाचेत ठेवा. एकदम सगळं मावत नाही, तीन खेपा धरून चला. बाहेर काढल्या काढल्या, गरम असतानाच साचा वर ठेवून कडा सुरीने सरळ करून घ्या. गार झाल्यावर हेच करायला गेलात तर तुकडा फुटतो. हे काम अर्थातच मोठ्यांचं.

यानंतरची पायरी परदेशी कृतींत सहसा दिसत नाही, आणि आपल्याकडे तिच्यावाचून चालत नाही. सगळे तुकडे भाजून झाले की उलटे करून 110 अंशांवर अर्धा तास पुन्हा वाळवा, ओव्हनचं दार लाकडी चमचा अडकवून किंचित उघडं ठेवून, म्हणजे वाफ बाहेर जाते. तुकडा गार झाल्यावर बोटाने वाजवला की टणटण आवाज यायला हवा. दबका आवाज आला तर आणखी पंधरा मिनिटं. गार होताच हवाबंद डब्यात. उघड्यावर रात्रभर ठेवले तर सगळी मेहनत दवात जाते. तसं झालंच, तर सजवण्याआधी पुन्हा 110 अंशांवर वाळवले की परत कडक होतात.

चिकटवायला रॉयल आयसिंग. कच्च्या अंड्याचा बलक नसलेला पांढरा भाग वापरण्याची पद्धत जुनी आहे, पण मुलं बोटं चाटणारच, म्हणून मेरँग पावडर (अंड्याच्या पांढऱ्याची वाळवलेली पूड) बरी. 450 ग्रॅम आयसिंग शुगर, 3 मोठे चमचे मेरँग पावडर, 5 ते 6 मोठे चमचे पाणी, एक छोटा चमचा लिंबाचा रस. बीटरने 7-8 मिनिटं फेटा. बीटर उचलल्यावर टोक उभं राहिलं आणि वाकलं नाही, म्हणजे चिकटवायला तयार. भांडं स्टीलचं घ्या आणि आधी लिंबाने पुसा, कारण तुपा-तेलाचा ओशटपणा राहिला तर आयसिंग कधीच ताठ होत नाही. प्लॅस्टिकचं भांडं कितीही धुतलं तरी ओशट राहतं. साखर घरी दळली असेल तर मलमलच्या फडक्यातून गाळा. एक कण राहिला की कोन तुंबतो आणि मूल जोरात दाबून कोनच फोडतं. आयसिंगच्या भांड्यावर ओलं फडकं कायम हवं, नाहीतर वरचा थर दहा मिनिटांत कडक होतो.

कोन बेकिंग पेपरचाच करा, मेंदीच्या कोनासारखा, टोक अगदी थोडं कापून. मुलांना लहान कोन द्या, निम्मे भरलेले आणि वरून रबर लावलेले. मोठा कोन मागून उलटा वाहतो.

साखरेचा पाक जाळून चिकटवणारेही आहेत. क्षणात घट्ट होतो हे खरं, पण तो 160 अंशांच्या वर तापलेला असतो, त्वचेला चिकटला की सुटत नाही, आणि आपल्या हवेत दोन दिवसांत चिकट होऊन ओघळू लागतो. मुलं आजूबाजूला असताना नकोच.

आता क्रम. भिंती आडव्या असतानाच सजवा. उभ्या भिंतीवर आयसिंग घसरतं आणि लहान मुलांचा हात स्थिर राहत नाही. सजवलेल्या भिंती पंख्याखाली रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी 30 बाय 25 सेंटिमीटरचा जाड पुठ्ठा किंवा प्लायवूडचा तुकडा फॉइलने गुंडाळून त्यावर उभारणी. पुढची भिंत आणि एक बाजूची भिंत आधी, आतून स्टीलच्या पेल्यांचा टेका. आतल्या कोपऱ्यांत आयसिंगची जाड रेघ द्या. मजबुती तिथूनच येते. चारही भिंती उभ्या राहिल्यावर छपराची घाई नको. घाईघाईत ठेवलेल्या छपराचं वजन भिंतींना बाहेर ढकलतं आणि सगळं पत्त्यांच्या बंगल्यासारखं आडवं. किमान 4 तास, हवा दमट असेल तर रात्रभर थांबा. खोलीत एसी असेल तर तो लावा. तो हवा कोरडी करतो. छपराचा एक भाग बसवून खालच्या कडेला वाटी उलटी टेकवा, मग दुसरा. एखादी भिंत मोडली तर घाबरू नका. मागून आयसिंग लावून पिठाची पट्टी आडवी चिकटवा. बाहेरून चिऱ्यांच्या रेघांत भेग दिसतही नाही.

सजावटीत बर्फ दाखवण्याचा हट्ट मला कधीच पटलेला नाही. इथलंच घर करा. पुढे बल्कांव, म्हणजे गोव्याच्या घरांची दारापुढची पडवी, द्या: दालचिनीच्या दोन कांड्या खांब म्हणून आणि दोन्ही बाजूंना पिठाचे लहान सोपे, म्हणजे बसायचे ओटे. बदामाचे पातळ काप छपरावर खालून वर ओळीने लावले की मंगलोरी कौलं होतात. खिडक्यांना स्प्रिंग रोलसाठीचा तांदळाचा कागद कात्रीने कापून आतून चिकटवा. तो कोरडा असताना धूसर-पारदर्शक दिसतो, अगदी जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या तावदानांसारखा. फोडलेल्या गोळ्या वितळवून केलेल्या रंगीत खिडक्या पहिल्या दिवशी छान दिसतात आणि मग पाझरतात. दारात पिठाची चांदणी, म्हणजे नक्षत्र. अंगणात भाजलेले तीळ आणि सुकं खोबरं. कुंपणाला चण्याच्या डाळीचं दोस (गोव्यातली वडी) किंवा पेरादचे (पेरूच्या वडीचे) चौकोन चालतील, फक्त ते घरचे असावेत, आणि शेवटच्या दिवशी लावावेत. त्यांचा ओलावा भिंतीत उतरतो.

नाताळाच्या ताटातलं काय चालतं, हे यानिमित्ताने मुलालाही कळू द्या. नेवऱ्या आणि कुलकुलं मैद्याची, बेबिंकमध्ये मैदा, बाथमध्ये रवा. दोदोल तांदळाच्या पिठाचं असतं, पण पीठ कुठे दळलं हे विचारायलाच हवं. एकाच ताटात कुलकुलांशेजारी ठेवलेलं दोदोल चालत नाही. सजावटीच्या पाकिटांवर 'माल्ट' शब्द दिसला तर परत ठेवा, तो बहुधा जवाचा असतो. कॉर्नफ्लेक्स मक्याचे म्हणून निर्धास्त घेतले जातात आणि त्यात हाच माल्ट निघतो. आणखी एक: घरी पाहुणी मुलं सजवायला येणार असतील तर बिस्किटं खाऊन आलेले हात आधी साबणाने धुवायला लावा. सॅनिटायझरने ग्लुटेन जात नाही.

वयाप्रमाणे कामं वाटली की भांडणं कमी होतात. तीन-चार वर्षांची मुलं मसाले ढवळतील, तीळ-खोबरं पेरतील. अख्खे शेंगदाणे, बदाम आणि कडक गोळ्या मात्र त्यांच्या हाती नकोत, घशात अडकतात. पाच ते सात वर्षांची साचा धरून बोथट सुरीने कापतील. त्यापुढची कोन चालवतील आणि हुकूमही सोडतील.

आणि मुंग्या. तयार घराखालचा पुठ्ठा एका उलट्या पातेल्यावर ठेवा आणि ते पातेलं पाण्याच्या परातीत. पातेलं पुठ्ठ्याहून लहान असावं आणि परातीच्या कडेला किंवा भिंतीला काही टेकू नये, एवढीच काळजी. घर फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. बाहेर काढल्याबरोबर गार भिंतींवर दव धरतं आणि आयसिंगचे रंग एकमेकांत उतरतात. रात्री मोठी प्लॅस्टिकची पिशवी किंवा उलटा डबा वरून झाका, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण त्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा.

एवढं केलं तर घर पाच-सहा दिवस ताठ राहतं. चोवीस डिसेंबरला उभारलेलं घर नववर्षाच्या आसपास फोडावं, जानेवारीत उदबत्तीची राख आणि धूळ बसेपर्यंत शोभेला ठेवू नये. भिंती तोवर किंचित मऊ झालेल्या असतात, म्हणजे खायला उलट बऱ्या. छपराचे तुकडे चहात बुडवायला उत्तम. उरलेला चुरा वाळवून डब्यात भरा आणि गोडाच्या तळाशी लोण्यात मिसळून दाबा, गव्हाच्या बिस्किटांच्या चुऱ्याऐवजी.